बातमीदारांची शाळा

कवी जन्मावा लागतो आणि वैद्य शिकून तयार व्हावा लागतो, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. पत्रकाराला या दोहोंपैकी कोणाच्या पंक्तीस बसवावे, याचा निकाल मात्र आपण अद्याप लावलेला नाही. चार जुनी वृत्तपत्रीय मंडळी जमली आणि पत्रकारितेच्या वर्गांचा विषय निघाला की, कोणीतरी हमखास म्हणतो, ‘‘टिळक कोणत्या वर्गात शिकले होते? अत्र्यांपाशी कोणती पदविका होती?’’ प्रश्न बिनतोड वाटतो आणि बैठक हसत-खेळत दुसऱ्या विषयाकडे वळते.

मी त्या बैठकींत बसलेला माणूस आहे. आयुष्याची तीस वर्षे मी मराठी दैनिकांच्या रात्रपाळीत काढली. त्यानंतर आमच्या मुलुंडला एका सार्वजनिक न्यासाने चालविलेल्या सायंवर्गात काही वर्षे पत्रकारिता शिकविली. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही अंगे मला पाहावयास मिळाली. आणि जसजसा मी आपल्या वृत्तपत्रांचा इतिहास वाचीत गेलो, तसतसे मला वाटू लागले की, तो बिनतोड प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही. टिळकांनी काय शिकले हे विचारण्याआधी टिळक काय करीत होते, हे विचारले पाहिजे. ते शिकवीत होते!

मराठी वृत्तपत्रांचा आरंभच मुळी एका शिक्षकापासून झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते. एका बाजूस इंग्रजी व एका बाजूस मराठी असे ते पत्र. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची, म्हणजे तेव्हाच्या ‘नॉर्मल क्लास’ची, व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि दुसऱ्याच वर्षी हा विलक्षण पुरुष निवर्तला. पन्नास वर्षांनी पुण्यात काय झाले? १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत त्याच शाळेच्या चालकांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ काढले. केसरीचे पहिले संपादक आगरकर हे हाडाचे शिक्षक. आणि आचार्य अत्रे? ते तर लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले होते. ‘नवयुग’ १९४० चे आणि दैनिक ‘मराठा’ १९५६ चे. त्याआधी पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते.

तेव्हा आपल्याकडे वृत्तपत्रे जन्मली ती शाळेच्या कुशीत. आश्चर्य आहे ते पुढेच. बाळशास्त्र्यांनी शिक्षक घडविणारा वर्ग चालविला; संपादक घडविणारा वर्ग मात्र त्यांना सुचला नाही, आणि त्यांच्यानंतर कोणालाही सुचला नाही. १८३२ पासून १९५२ पर्यंत, मोजून १२० वर्षे, आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर बातमीदारासाठी विद्यापीठीय वर्ग नव्हता.

मग बातमीदार शिकत कोठे? छापखान्यात. जावजी दादाजींनी पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली काम धरले, खिळे कसे पाडावे व घासावे हे डोळ्यांनी टिपले आणि पुढे १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ उभा केला. लिहिणाऱ्यांचेही तसेच. गोविंद विठ्ठल कुंटे, ज्यांना आपण भाऊ महाजन म्हणतो, ते बाळशास्त्र्यांच्या सहवासात ‘दर्पण’मध्ये तयार झाले आणि १८४१ मध्ये त्यांनी ‘प्रभाकर’ काढले. लोकहितवादींची शतपत्रे त्यातच आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’त टिळकांजवळ मुरले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू केला. गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, आणि विद्या आपोआप अंगी यावी, तशी ही परंपरा होती.

या परंपरेला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा माझ्याकडून होणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मी ज्या कचेरीत उमेदवारी केली, तेथे मला मुद्रिते वाचावयास बसविले होते. खिळे जुळविणारे जुळारी समोरच असत. माझ्या कागदावरील ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यातील एक वृद्ध जुळारी न विचारता दुरुस्त करी आणि वर चष्म्यातून माझ्याकडे पाही. त्या पाहण्याने जे व्याकरण शिकविले ते शाळेतल्या छडीनेही शिकविले नव्हते. रात्री दूरमुद्रकावर पीटीआयच्या इंग्रजी बातम्या खडखडत उतरत आणि त्यांचे मराठी करणे हेच उपसंपादकाचे मुख्य काम असे. एका तासात बारा बातम्यांचे भाषांतर, प्रत्येकीला मथळा, आणि मथळ्याची अक्षरे रकान्यात बसलीच पाहिजेत! हे शिक्षण कोणत्या पुस्तकात मिळणार?

परंतु या गुरुगृहाला एक दार होते, आणि दाराशी माणूस बसलेला असे. मला आत घेण्यापूर्वी एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले होते, ‘‘तुमच्या घरात या धंद्यात कोणी आहे काय?’’ माझे वडील कारखान्यात नोकरीस आहेत असे सांगताच ते म्हणाले, ‘‘मग अवघड आहे.’’ त्यात द्वेष नव्हता. ते एक साधे सत्य बोलत होते. उमेदवारीची पद्धत ज्याला आत घेते त्याला भरभरून देते. ज्याला आत घेत नाही त्याच्यापाशी तिचा काहीही इलाज नसतो.

इतिहासात या दाराबाहेर कोण कोण उभे होते, ते पाहावे. नारायण मेघाजी लोखंडे आमच्या शेजारच्या ठाण्याचे. त्यांना कोणत्या संपादकाने आपल्या गादीशेजारी बसविले? कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केला. १८८० मध्ये लोखंड्यांनी तो मुंबईस आणला आणि चालवीत चालवीत ते संपादक झाले. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, तिच्यामागे या पत्राचे बळ होते. याच ‘दीनबंधू’चे संपादकपद पुढे पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी १९०८ पासून सांभाळले, त्या फुले दांपत्याच्या छत्राखाली पुण्यात शिकलेल्या. येथेही पुन्हा शाळाच मागे उभी आहे!

आणि डॉ. आंबेडकर. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे सर्वश्रुत आहे. टिळक तेव्हा हयात होते. जेथे जाहिरातीला जागा नाही, तेथे उमेदवाराला खुर्ची कोठून मिळणार? पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाला तेव्हा बाबासाहेबांना त्याचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढावे लागले. कोलंबिया विद्यापीठाचा पंडित हाताखाली तयार लेखणी नाही म्हणून रात्री जागवीत होता. ज्या कोलंबियात ते १९१३ मध्ये शिकावयास गेले, तेथे पत्रकारितेची शाळा आदल्याच वर्षी उघडली होती, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो.

त्या शाळेची कथाही मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे पहिले स्वतंत्र विद्यालय काढले. त्याआधी १९०४ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी एक दीर्घ लेख लिहून अशा विद्यालयाचा पक्ष मांडला. पत्रकार जन्मावा लागतो म्हणणाऱ्यांचा त्यांनी चांगलाच समाचार घेतला. केवळ जन्माच्या बळावर माणसाला मूर्खाखेरीज दुसरे कोणतेही पद भूषविता येत नाही, असा त्यांचा टोला होता. पुलित्झर हे हंगेरीतून आलेले, इंग्रजी धड न येणारे निर्वासित पोर. वृत्तपत्रांचा बडा मालक झाल्यावर त्यांनी कोलंबियाला २० लक्ष डॉलर देऊ केले. १९११ मध्ये ते वारले आणि १९१२ मध्ये शाळा उघडली. ज्याने स्वतः दार ठोठावले होते, त्यालाच दार उघडे ठेवण्याची बुद्धी झाली.

आपल्या देशात पहिला प्रयत्न ॲनी बेझंट यांचा; १९२० मध्ये अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकावयास त्यांचेच ‘न्यू इंडिया’ पत्र होते. १९३८ मध्ये अलीगढला एक वर्ग निघाला. तोही फार टिकला नाही. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपालसिंह यांनी विभाग काढला. फाळणीनंतर तो निर्वासितासारखा दिल्लीस आला आणि १९६२ मध्ये चंदीगडला स्थिरावला.

आपल्याकडे दिवा प्रथम लागला तो मुंबईत नाही, पुण्यातही नाही, नागपुरास. १९५२ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयात सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्स्ली फुलब्राइट योजनेखाली आले आणि त्यांनी पत्रकारितेचा विभाग उभा केला. पुढे के. ई. ईपेन यांच्यासारख्यांनी तो सांभाळला. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी होते, ‘हितवाद’सारखे जुने पत्र तेथे होते, तरीही मुंबईपुण्याच्या आधी नागपूर, याचे नवल वाटते. याच सुमारास, म्हणजे १९५२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ मध्ये त्याचा अहवाल आला, १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला, आणि बातमीदार हा पगार, रजा व कामाचे तास असलेला व्यावसायिक आहे, ही गोष्ट कागदावर तरी मान्य झाली. व्यवसाय म्हटला की शिक्षण आलेच. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम सुरू झाला. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी वास्तूने तेव्हापासून किती मराठी पत्रकार घडविले, याची गणती करणे कठीण. ‘रानडेचा विद्यार्थी’ ही मराठी वृत्तसृष्टीत एक जातच झाली. पण ही जात जन्माने मिळत नव्हती, प्रवेशपरीक्षेने मिळत होती. फरक एवढाच, आणि तो फार मोठा.

आता मुंबईकडे येऊ. येथे हे काम मुख्यतः न्यासांनी व धर्मसंस्थांनी अंगावर घेतले. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९३८ मध्ये स्थापिलेल्या भारतीय विद्या भवनाने चौपाटीवर, राजेंद्रप्रसादांच्या नावाच्या संस्थेत, पत्रकारितेचे सायंवर्ग चालविले. दिवसा कारकुनी करावी आणि संध्याकाळी बातमी लिहावयास शिकावे, ही सोय गरिबाच्या फार उपयोगी पडली. १९६९ मध्ये जेझुइटांनी झेवियर संपर्क संस्था काढली, १९७० च्या सुमारास सोफियाचा अभ्यासक्रम निघाला. नकाशा डोळ्यांसमोर आणावा: चौपाटी, धोबीतलाव, ब्रीच कँडी. सारे दक्षिणेस. वृत्तपत्रांच्या कचेऱ्याही तिकडेच.

आणि आम्ही उपनगरवासी? १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली ती आमच्याच घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या शिवारांतून. गाडी आमच्याकडून सर्वांआधी गेली. बातमीने मात्र आम्हांस शेवटी गाठले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा टापू आणि १९५७ मध्ये बोरिवली-दहिसर व मुलुंडपर्यंतचा टापू महापालिकेच्या हद्दीत आला. १९९० मध्ये तर उपनगराचा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईची बहुसंख्य वस्ती इकडे सरकली. पण कित्येक वर्षे उपनगर हे वृत्तपत्र वाचणारे होते, लिहिणारे नव्हते. सकाळी सातच्या गाडीत पाठीवर पाठ लावून दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावणारे!

शाळा इकडे आली ती सावकाश. भवनाने अंधेरीस १९४६ मध्ये महाविद्यालय काढले होते, पण ते कला-विज्ञानाचे. १९८४ मध्ये सांताक्रूझच्या पूर्वेस, कलिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था आली. २००० च्या सुमारास विद्यापीठाने जनमाध्यमांची पदवी सुरू केली आणि ती उपनगरांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. पार्ल्याच्या साठये महाविद्यालयात तर हा अभ्यास मराठीतूनही करता येऊ लागला. बातमी लिहावयाची मराठीत आणि ती कशी लिहावी हे शिकावयाचे इंग्रजीत, हा जो वर्षानुवर्षांचा विपर्यास होता, तो काही अंशी तरी दूर झाला.

कोणी म्हणेल, शाळा चर्चगेटला असली काय किंवा मुलुंडला असली काय, बिघडते कोठे? बिघडते. २६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७३! एकाच शहरात, एकाच दिवशी. दक्षिणेकडच्या खिडकीतून पाहणाऱ्याला तो श्रावणाआधीचा नेहमीचा दिवस वाटावा, आणि तिकडे कुर्ला, कलिना, साकीनाका बुडत होते. साकीनाक्यास दरड कोसळून ७० हून अधिक माणसे गाडली गेली. विहार-पवईच्या तलावांकडून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे मुंबईच्या पुष्कळ सुशिक्षितांना त्या दिवशी कळले. काठावर राहणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. पण काठावर राहणाऱ्यांच्या हाती लेखणी किती होत्या?

दुसरे उदाहरण अधिक दुखरे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. गॅसचे टँकर पेटविले जाण्याचा धोका होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरविला. आयोगाला जे शोधण्यास महिने लागले, त्यातील पहिला प्रश्न बातमीदाराने त्याच दुपारी विचारावयाचा असतो: टँकर कोठे होता, आणि माणसे कोठे पडली? या दोन जागांमधील अंतर पायांनी मोजावयाचे असते. हा प्रश्न कोणाच्या रक्तात जन्मतः नसतो. तो शिकवावा लागतो, आणि पुनःपुन्हा गिरवून घ्यावा लागतो.

आमच्या सायंवर्गात मी हेच गिरवून घेत असे. भांडुपच्या टेकडीवरून, विक्रोळीच्या वसाहतीतून मुले येत. कोणी दिवसा दुकानात, कोणी कुरिअरवर. पहिल्या आठवड्यात मी त्यांना अग्रलेख लिहू देत नसे. प्रभाग कार्यालयात जा, आपल्या गल्लीच्या गटाराचे काम कोणाला किती रुपयांस दिले ते विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव व हुद्दा लिहून आणा, एवढाच पाठ. निम्मी मुले हात हलवीत परत येत. कारकुनाने हाकलून दिले, म्हणत. मी म्हणे, ‘‘कोणत्या कारकुनाने, किती वाजता, काय बोलून? तेच लिहा.’’ त्या दिवशी त्यांची पहिली बातमी तयार होई. एका मुलीने लिहिलेल्या अशा दहा ओळी मी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यात एकही विशेषण नाही.

शाळा काय देऊ शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. धैर्य ती देत नाही. भाषेचा कान फार तर साफ करते, नवा बसवीत नाही. त्या वृद्ध जुळाऱ्याची नजर कोणत्याही अभ्यासक्रमात घालता येणार नाही. आज तर जुळारीही गेले आणि दूरमुद्रकही गेला. ज्याच्या खिशात भ्रमणध्वनी तो बातमीदार, असा काळ आहे. परंतु म्हणूनच शाळेची गरज वाढली आहे. पूर्वी चुकीची बातमी छापून येण्यापूर्वी चार जणांच्या हातांखालून जाई. आता ती लिहिणारा आणि छापणारा एकच. मधले चार जण त्याच्या डोक्यातच तयार करावे लागतात.

माझी चिंता निराळीच आहे. अलीकडे माध्यमांच्या मालकांनीही आपापल्या शाळा काढल्या, खासगी संस्था निघाल्या, आणि त्यांचे शुल्क पाहिले की भांडुपच्या टेकडीवरचे पोर खालूनच परत फिरेल. जुन्या कचेरीत दाराशी माणूस बसे आणि ‘‘घरात कोणी आहे काय?’’ असे विचारी. आता तेथे शुल्काचा तक्ता लावलेला असतो. माणसाची कधी तरी मनधरणी करता येई. तक्त्याची करता येत नाही. शिवाय जो मुलगा कर्ज काढून शिकतो, तो पहिली नोकरी हप्त्यांकडे पाहून धरतो. त्याला टँकर आणि प्रेत यांच्यातील अंतर मोजण्याची उसंत कोण देणार?

म्हणून न्यासांनी, महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी चालविलेले ते स्वस्त, दमट खोल्यांतले, संध्याकाळी साडेसहाला भरणारे वर्ग मला मोलाचे वाटतात. नफ्यासाठी नसलेली शाळा ही काही केवळ हिशेबाची गोष्ट नाही. तेथे शिकणारा कोणाचा ऋणी होऊन बाहेर पडतो, हा प्रश्न आहे. बाळशास्त्र्यांनी पत्र काढले आणि शिक्षकांचा वर्गही चालविला; या दोन कामांची गाठ घालण्यास आपल्याला १२० वर्षे लागली. ती गाठ आपल्या डोळ्यांदेखत सुटू द्यावयाची की काय, हे आता वाचकांनीही ठरवावयाचे आहे. आपल्या स्थानकाजवळच्या एखाद्या ग्रंथालयात असा वर्ग चालत असेल, तर यंदाच्या दिवाळीत त्याला एक पणती तेलाची द्यावी; आणि घरात एखादे चौकस, नसते प्रश्न विचारणारे पोर असेल, तर त्याला तेथे बसवून यावे.